वरकसीवर रान परत आणताना: पहिल्या दोन वर्षांची कामं, क्रमाने

पहिल्या पावसाळ्यात मी ३१२ रोपं लावली. पुढच्या मिरगाला मोजली तेव्हा ४७ उरली होती. पाऊस कमी पडला म्हणून मेली, असं म्हणायची सोय कोकणात नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. हस्ताच्या सरी आटोपल्या की पुढचा मिरग येईपर्यंत जमीन नुसती सुकत जाते. माझी रोपं त्या आठ महिन्यांत गेली. मी मात्र सगळी मेहनत, सगळे पैसे आणि सगळे फोटो जुलैतच उरकले होते.

आमची साडेतीन एकर वरकस (भात न होणारी, डोंगरउताराची हलकी जमीन) देवरुखच्या पुढे आहे. आजोबा तिथे नाचणी-वरी करत. पुढे घरातले मुंबईला गेले, नाचणी बंद झाली आणि तिथलं रान राबाच्या टाळासाठी (भाताचं रोप करायची जमीन भाजायला लागणाऱ्या पालेदार फांद्यांसाठी), चुलीच्या लाकडासाठी तोडलं जाऊ लागलं. मी परत आलो त्याला सात वर्षं झाली. तुमच्या नावावर अशीच एखादी वरकस असेल आणि आंबा-काजूची बाग नको, रानच हवं असेल, तर हे तुमच्यासाठी. (बाग हवी असेल तर विचारायला माणूस शोधावा लागणार नाही. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली तेव्हापासून कोकणातले डोंगर कलमांनी भरलेत.)

१. आधी कागद

कंटाळवाणं आहे, पण कुदळ उचलण्याआधी हे हातात ठेवा:

- सातबारा आणि आठ-अ. ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. कुळाचं नाव, ‘खाजगी वन’ किंवा ‘वनसंज्ञा’ अशी नोंद दिसली तर तलाठ्याकडे जाऊन मूळ फेरफार काढा. खाजगी वनांची नोंद १९७५ च्या संपादन कायद्यातून आलेली असते. ती असेल तर वनविभागाशी बोलल्याशिवाय तिथे एक चरसुद्धा खणू नका.
- गटाचा नकाशा, आणि हद्द वादात असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी.
- सामायिक खातं असेल तर बाकीच्या खातेदारांचं लेखी संमतिपत्र. काका-पुतण्यांची नावं एकाच उताऱ्यावर असणं ही कोकणात रीतच आहे. झाड डोक्याएवढं झालं की हिस्सा आठवणारा माणूस नेमका उगवतो.

आणखी एक ध्यानात ठेवा. महाराष्ट्रात झाडं तोडण्यावर १९६४ चा नियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, खैर, साग, फणस, आंबा ही आपल्याकडची बरीच झाडं येतात. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. लावायला लागत नाही.

२. जमीन दोनदा चाला: एप्रिलच्या दुपारी आणि जुलैच्या पावसात

एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता जा. कुठे उभं राहवतं आणि कुठे नाही, हे पायांना लगेच कळतं. जिथे तुम्ही नकळत सावलीकडे सरकता, तिथे पेन्सिलीएवढ्या रोपाला सरकता येत नाही. पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे उतरणारी जमीन सगळ्यात आधी सुकते, कारण हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडून येतो आणि दुपारचं ऊन पश्चिमेच्या अंगावर पडतं. त्याच डोंगराच्या उत्तरेकडच्या कुशीत गवत महिनाभर जास्त हिरवं राहतं. माझी ४७ पैकी बहुतेक रोपं उत्तरेच्या कुशीतलीच होती. तेव्हा मला वाटलं, नशीब.

सोबत पहार घ्या आणि दर वीस पावलांवर ठोका. हातभर आत गेली तर माती आहे. वितीवर खणकन वाजली तर खाली जांभा दगड. जांभ्याची माती आंबट, त्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतं, म्हणजे मातीत असलेलं खतही रोपाला सहज मिळत नाही. माती परीक्षण करून घ्याच, पण खरं तर परीक्षणाच्या कागदापेक्षा मातीची खोली जास्त सांगून जाते. वीतभर माती पावसात भिजते पोटभर, आणि दिवाळीनंतर काही आठवड्यांत कोरडी ठाक होते.

जुलैत पुन्हा जा. पाणी कुठून पळतं, कुठे साचतं, पऱ्या (पावसाळी ओहोळ) कुठे फुटतो ते बघा. जिथे पाण्याबरोबर माती वाहून चाललीय तिथे आधी उताराला आडवे समतल चर किंवा दगडांचे बांध घाला, रोपाचं नंतर बघू.

आणि सडा. वरचा सपाट, काळपट कातळ, जिथे ‘काहीच नाही’ असं वाटतं तिथे खड्डे मारू नका. पावसात त्याच सड्यावर बोटभर मातीत फुलांचे गालिचे पसरतात, डबक्यांत बेडूक वाढतात, काही ठिकाणी कातळशिल्पं आहेत. तिथे झाड नाही, कारण ती झाडाची जागाच नाही. सुरुंग लावून आणि बाहेरून माती आणून झाड जगवता येतं, पण मग ते कुंडीतलं झाड झालं.

३. जे आधीच उगवलंय ते मोजा

मी सगळ्यात महाग चूक इथे केली. खड्ड्यांसाठी जागा साफ हवी म्हणून चार गडी लावून सगळी ‘झुडपं’ कापून घेतली. दोन दिवसांनी वरच्या वाडीतली काकी शेण घेऊन जाताना थांबली. माझ्याकडे बघितलं, रोपांच्या पिशव्यांकडे बघितलं आणि विचारलं, “ही कसली झाडं?” मी म्हटलं, ऐन. तिने पायाने एक कापलेला बुंधा दाखवला. “मग हे काय होतं?”

तोही ऐनच होता. ऐनाचे फुटवे तोडून मी तिथे विकत आणलेला ऐन लावत होतो.

कोकणातलं तोडलेलं रान बहुतांशी बियांतून नाही, खुंटांतून परत येतं. ऐन, किंजळ, नाना, कुंभा, आसाणा ही झाडं वर्षानुवर्षं कोयता खाऊनसुद्धा बुंध्यातून फुटत राहतात. वरून कमरेएवढं झुडूप दिसतं, खाली मात्र आजोबांच्या काळातलं मूळ असतं. ते मूळ जांभ्याच्या भेगांतून कधीच खाली पोचलेलं आहे. त्याला ऑक्टोबरची भीती नाही. राखण मिळाली तर असा फुटवा दोन पावसांत डोक्यावर जातो. नर्सरीचं रोप तेवढ्या काळात गुडघ्याशी असतं.

म्हणून रोप आणण्याआधी:

क. प्रत्येक जिवंत खुंटाला रंगीत चिंधी बांधा. मोजा. आमच्याकडे साडेतीन एकरांत, एवढी कापाकाप करूनही, चारशेच्या वर खुंट निघाले.

ख. एका खुंटावर दहा-पंधरा फुटवे असतील तर पहिलं वर्ष तसेच राहू द्या. दुसऱ्या वर्षी पाऊस सुरू होण्याआधी दोन किंवा तीन ठेवून बाकीचे काढा. ठेवायचे ते जमिनीलगत, खुंटाच्या बाजूने फुटलेले. वरच्या टोकावरून फुटलेला फुटवा पुढे वजनाने फाटतो.

ग. करवंदाच्या जाळ्या अजिबात तोडू नका. एखादी जाळी हळूच उघडून आत बघा. बुलबुलांनी टाकलेल्या बियांतून आलेली जांभूळ, अंजनी, आळू (भाजीचं अळू नव्हे, रानातलं झाड) आत निवांत वाढत असतात. काटे गुरांना अडवतात, पानं ऊन अडवतात, तळाशी पातेरा (गळलेला पाला) साठून ओल टिकते. अशी बाळंतिणीची खोली पैसे देऊन बांधता येणार नाही.

या मोजणीनंतर बऱ्याच जणांना कळेल की त्यांना हजार नाही, शे-दीडशे रोपंच लागणार आहेत. ज्या जाती खुंटांत नाहीत तेवढ्याच.

४. आग, गुरं, कोयता

हे थांबलं नाही तर पुढचं वाचू नका. वेळ जाईल.

गुरं: भातकापणी झाली की गावातली गुरं मोकळी सुटतात. ती कुणाची आहेत हे सगळ्यांना माहीत असतं आणि विचारलं तर कुणाचीच नसतात. चिऱ्याचा किंवा दगडांचा गडगा (रचलेली भिंत) उत्तम, पण खर्च फार. आम्ही दोन बाजूंना गडगा घातला आणि बाकी दोन बाजूंना वई (जिवंत कुंपण) केली. पावसाच्या तोंडाला पांगारा आणि गिरिपुष्पाचे (उंदीरमारीचे) मनगटाएवढे खुंटे हातभर अंतरावर रोवायचे, मध्ये काटेरी फांद्या गुंतवायच्या. खुंटे जिवंत धरतात, दोन वर्षांत वई स्वतःच उभी राहते. गिरिपुष्प हद्दीवरच ठेवा, आत नको.

कोयता: ज्यांना टाळ आणि लाकूड तुमच्या वरकसीतून मिळत होतं त्यांना एका दिवसात ‘आता नाही’ म्हणून सांगितलंत तर ते रात्री येतील. आम्ही खालची अर्धा एकर दोन घरांना टाळासाठी ठेवली, आळीपाळीने. कागदावर काही नाही, तोंडी. आजवर वरच्या भागात कोयता लागलेला नाही.

आग: कोकणातले वणवे बहुतेक माणूस लावतो. गवत चांगलं फुटतं या समजुतीने, भाजावळीची (पेरणीआधी शेत भाजतात तिची) ठिणगी उडून, कधी नुसती विडी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गवत पिवळं पडलं की हद्दीच्या आतून तीन मीटर रुंद पट्टा खरवडून काढा आणि फेब्रुवारीत पुन्हा झाडा, कारण तोवर पानगळीने तो भरलेला असतो. शेजाऱ्याची भाजावळ कधी आहे हे आधी विचारा आणि त्या दिवशी हातात ओल्या डहाळ्या घेऊन त्याच्या मदतीलाच जा. नुसतं लांबून लक्ष ठेवणाऱ्या माणसाबद्दल गावात काय बोलतात ते तुम्हाला माहीत आहे.

आग लागून गेली तरी ऐन-कुंभ्याचे जुने खुंट पुन्हा फुटतात. एक-दोन वर्षांचं रोप मात्र बहुतेक वेळा जातं. शिवाय जळलेल्या जागी सगळ्यात आधी रानमोडी (बाहेरून आलेलं, झपाट्याने पसरणारं तण) येते. ती नोव्हेंबरनंतर फुलते, बी वाऱ्यावर जातं, आणि मार्चमध्ये तिच्या वाळक्या काड्याच पुढच्या वणव्याचं सरपण होतात. तिला पावसातच उपटा, माती मऊ असते तेव्हा, मुळासकट. पण एकदम सगळी नको. तिच्या सावलीत एखादं रोप तग धरून असेल तर हातभर गोल साफ करा, बाकी पुढच्या वर्षी.

५. बी आणि रोपं

फुकट मिळतात म्हणून रोपं घेऊ नका. मला पहिल्या वर्षी एका रोपवाटिकेतून ‘जंगली’ म्हणून जो गठ्ठा मिळाला त्यातली निम्मी ऑस्ट्रेलियन अकेशिया होती. ती जगतात, झपाट्याने वाढतात, आणि खाली जाड पानांचा थर साचतो ज्यात दुसरं फारसं काही उगवत नाही. सामाजिक वनीकरण आणि वनविभागाच्या रोपवाटिकांत स्थानिक जाती मिळतात, पण फेब्रुवारी-मार्चमध्येच जाऊन मागणी नोंदवा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्र महाविद्यालय आहे, रोपं आणि सल्ला दोन्हीसाठी तिथे विचारता येतं.

पिशवी घेताना तीन गोष्टी बघा. खोड पेन्सिलीएवढं जाड आहे का. उंची दीड-दोन फुटांच्या आत आहे का. उंच रोप बघायला बरं वाटतं, पण पानं जास्त आणि मूळ तेवढंच म्हणजे खर्च जास्त आणि कमाई तेवढीच. आणि एक पिशवी फाडून मूळ बघा. तळाशी वेटोळं झालं असेल तर ते मूळ जमिनीत गेल्यावरही वेटोळ्यातच फिरत राहतं, खाली जात नाही. अशा लॉटला नको म्हणा.

त्यापेक्षा बी स्वतः गोळा करा. पण प्रत्येक बी वेगळं:

जांभूळ, रातांबा (कोकम), फणस यांचं बी सुकवायचं नाही. खाल्लं, धुतलं, आठवड्याच्या आत मातीत. डब्यात ठेवून पुढच्या वर्षी लावू म्हणाल तर काहीच उगवणार नाही. ही झाडं पावसाच्या तोंडावर पिकतात ती उगाच नाही. जांभळाच्या एका बीतून बऱ्याचदा दोन-तीन कोंब निघतात, चकित होऊ नका. जोरदार एक ठेवा.

बहावा, खैर यांची गोष्ट उलटी. कवच जाड. बहाव्याचं बी चिऱ्यावर घासून टरफल जरा पातळ करा आणि रात्रभर भिजवा. खैराला गरम पाण्यातून काढून एक दिवस भिजत ठेवलं तरी पुरतं.

करंज सरळ जागेवरच पेरा, पिशवीची गरज नाही. हिरडा-बेहड्याचा गर काढून आठळी भिजवा, आणि उंदरांपासून सांभाळा. ऐन आणि किंजळीच्या पंखवाल्या बियांत पोकळ बिया खूप निघतात. शंभर पेराल तेव्हा थोड्याच उगवतील. तुमचं काही चुकलेलं नसतं.

वाफ्यात पाणी जास्त झालं की कोवळी रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडतात. बुरशी ती. औषधाच्या दुकानात जाण्याआधी पाणी कमी करा, वारा खेळू द्या.

आणि पिशव्या भरताना जवळच्या जुन्या झाडाखालची माती मूठमूठ मिसळा. त्यात मुळांशी सोयरीक करणारी बुरशी असते, ती स्फुरद मिळवून देते. ही माती देवराईतून आणायचा मोह होईल. गुरवाला आणि मानकऱ्यांना विचारल्याशिवाय तिथलं पानसुद्धा उचलू नका. आमच्या गावात तर देवाला कौल लावूनच विचारतात. मला कौल मिळाला नाही, माती आमच्याच घरामागच्या जुन्या फणसाखालची घेतली.

६. कुठे काय लावायचं

ऐन, किंजळ, सावर, खैर, शिवण यांना लहानपणापासून ऊन लागतं. सावलीत ती लांबट, पिवळी होऊन बसतात. रातांबा आणि सुरंगी यांना उलट पहिली काही वर्षं सावली लागते. उघड्या माळावर लावलेला रातांबा मार्चमध्ये पानं करपून जातो. माझे सगळे गेले. आता खुंटांचे फुटवे डोक्यावर गेलेत, त्यांच्या खाली रातांबा लावतोय, तोही सावकाश. पऱ्याच्या काठाला जांभूळ, करंज, उंबर.

बाकी नियम एकच: रोपाला दुपारच्या उन्हात काहीतरी आडोसा मिळायला हवा. धोंडा, करवंदाची जाळी, खुंट, काहीही. त्याच्या पूर्वेला किंवा उत्तरेला रोप लावा, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारचं टळेल. दोरी लावून तीन-तीन मीटरवर सरळ रांगेत लावलेली रोपं फोटोत छान दिसतात. मी दोरी फेकून दिलीय.

समुद्राच्या अगदी तोंडावर असाल तर गणित बदलतं. खारा वारा कोवळी पालवी जाळतो. पहिली फळी उंडी, भेंड, करंज, केवडा यांची करा आणि ती उभी राहिल्यावर तिच्या आडोशाने बाकीचं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात झाडं आडवी केली तेव्हा अनेकांनी आधी पडलेलं सगळं उचलून जागा स्वच्छ केली. घरावर-वाटेवर पडलेलं उचलायलाच हवं. पण रानात पडलेलं खोड तसंच राहू द्या. त्याच्या फांद्यांच्या गराड्यात गुरांचं तोंड पोचत नाही, आणि वरून अचानक उजेड आल्यावर सावलीत वर्षानुवर्षं थांबलेली रोपं तिथेच उसळी घेतात. फक्त रानमोडीवर लक्ष ठेवा, उजेड तिलाही दिसतो.

७. खड्डा आणि लावणी

लागणारी हत्यारं: पहार, टिकाव, कुदळ, फावडं, घमेलं, कोयता, पिशव्या फाडायला ब्लेड, बांबूच्या खुणकाठ्या आणि न पुसणारा मार्कर.

खड्डे एप्रिल-मेमध्ये. दीड फूट लांब-रुंद-खोल पुरे, माती खोल असेल तिथे दोन फूट. वरची माती एका बाजूला, खालची दुसरीकडे. भरताना वरची आधी आत.

जांभ्यात खणलेला खड्डा म्हणजे कधी कधी हंडा असतो. पाणी आत जातं, बाहेर जात नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर रिकामे खड्डे बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी तुंबलेलं असेल तर उताराच्या बाजूला पहारीने तोंड फोडा. तेही जमत नसेल तर तिथे खड्डा बुजवून वर वीतभर उंचवटा करून लावा. जुलैत मुळं आठ दिवस पाण्यात राहिली तर श्वास कोंडून कुजतात, आणि रोप ऑक्टोबरमध्ये ‘उन्हाने’ मेल्यासारखं दिसतं.

लावणी कधी? दोन-तीन दमदार पाऊस होऊन माती हातभर भिजली की लगेच. साधारण मिरगाच्या अखेरीपासून आर्द्रा संपेपर्यंत. ‘वृक्षारोपण’ म्हणून जुलैअखेर किंवा १५ ऑगस्टला लावलेल्या रोपाला पाऊस जाण्याआधी जेमतेम दीड-दोन महिने मिळतात. रोपाची आणि ओलीची शर्यत असते. पाऊस थांबल्यावर ओल वरून खाली सरकत जाते आणि मुळाला तिच्या पुढे राहायचं असतं. जूनमध्ये लावलेल्याला महिन्या-दीड महिन्याची आघाडी मिळते. तेवढीच पुष्कळांना पुरते.

रोपं लावण्याआधी महिनाभर हिरव्या जाळीखालून बाहेर काढून हळूहळू उन्हात आणा, पाणी कमी करत जा. लावताना पिशवी पूर्ण काढा. पूर्ण म्हणजे पूर्ण. तळ कापून बाकी तशीच ठेवणारे गडी मी पाहिलेत. बुंधा आधी जेवढा मातीत होता तेवढाच ठेवा. काठी रोवा, नंबर लिहा.

८. ऑक्टोबर: खरं काम

सगळे गणपती-दसऱ्याच्या सुट्ट्या संपवून परत गेलेले असतात तेव्हा हे करायचं. सुट्टी शिल्लक ठेवायची असेल तर याच्यासाठी ठेवा.

रोपाभोवती हातभर गोलातलं गवत मुळासकट काढा. पावसात वाढलेलं गवत आता त्याच वीतभर मातीतलं पाणी ओढत असतं आणि त्याची मुळं तुमच्या रोपापेक्षा दाट असतात. त्या गोलात माती हलकी खणून भुसभुशीत करा. मग वर पातेरा किंवा पेंढा चार बोटं जाड. बुंध्याला टेकवू नका, वाळवी लागते. आच्छादन झालं की त्याच्या बाहेर फूटभर माती उघडी ठेवा, आग आलीच तर तिथे अडकावी म्हणून.

हे सगळं हस्ताचा पाऊस संपता संपता, ओल असताना. दिवाळीनंतर कोरड्या मातीवर पातेरा घालणं म्हणजे रिकामी पेटी कुलूप लावून ठेवणं.

९. फेब्रुवारी ते मे

समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो आणि सकाळपासून पूर्वेचा कोरडा, तापलेला वारा येतो असे काही दिवस फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. घामसुद्धा चिकट होत नाही. त्या दिवसांत पान पाणी वाचवायला आपली छिद्रं बंद करतं, म्हणजे अन्न करणंही बंद. लहान रोपाजवळ साठा नसतो. जी जायची ती बहुतेक याच काळात जातात.

पाणी द्यायचंच असेल तर रोज तांब्याभर देऊ नका. रोजच्या तांब्याने वरचे चार बोटं ओले होतात आणि मुळं तिथेच घुटमळतात. दहा-बारा दिवसांतून एकदा, संध्याकाळी, आठ-दहा लिटर सावकाश. लांबून पाणी आणावं लागत असेल तर बुडाला बारीक भोक पाडून वात घातलेलं मडकं रोपाशेजारी पुरा. आम्ही फक्त जांभूळ, शिवण आणि पश्चिमेच्या अंगावरच्या रोपांना देतो, बाकी नाही. पश्चिमेला झापाचा किंवा पेंढ्याचा आडोसाही करतो. एक माड झावळ्या पुरवतो, खर्च शून्य.

मियावाकी या जपानी लावणीच्या पद्धतीबद्दल सगळे विचारतात. दाट लावणी, वर्षभरात हिरवंगार. होतं. पण त्यासाठी माती खोल खणून शेणखत-पेंढा घालावा लागतो आणि दोन-तीन वर्षं नियमित पाणी द्यावं लागतं. शाळेच्या आवारात दहा गुंठ्यांत करा. चारशे जिवंत खुंट असलेल्या वरकसीत जेसीबी घालून ते करायचं म्हणजे मूळचं रान उपटून नकली लावणं.

१०. मोजणी

ऑक्टोबरमध्ये मोजू नका, तेव्हा बहुतेक सगळी जिवंत असतात. मे अखेर एकदा मोजा आणि जुलैच्या मध्यावर पुन्हा. वहीत नंबर, जात, उताराची दिशा, आडोसा होता की नाही आणि कशाने गेलं हे लिहा: सुकलं, खाल्लं, जळलं, कुजलं, वाळवी. दोन वर्षांच्या नोंदी झाल्या की तुमची जमीन तुम्हाला कुठल्याही तज्ज्ञापेक्षा स्पष्ट सांगते. माझ्या वहीत ‘खाल्लं’ समोर सगळ्यात जास्त खुणा आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच गडग्याला भगदाड पडलं त्या एका आठवड्यातल्या.

दोन मोजण्या का, तर मेमध्ये मेलेलं दिसणारं सगळं मेलेलं नसतं. ऐन, साग, कुंभा यांची रोपं कडक उन्हाळ्यात वरचा शेंडा सोडून देतात आणि जमिनीखाली मूळ राखून बसतात. पावसात बुडातून नवा कोंब येतो. असं दोन-तीन वर्षं चालतं, मग एका वर्षी मूळ पुरेसं खोल गेलं की खोड थांबत नाही. म्हणून मेमध्ये वाळलेली काडी उपटू नका. बुडाशी नखाने साल खरवडा. खाली हिरवं असेल तर जिवंत. हिरवं नसलं तरी आर्द्रा संपेपर्यंत थांबा.

११८ नंबरचा ऐन मी असाच मेला म्हणून लिहून टाकला होता, आणि घाईने त्याच खड्ड्यात शिवण लावली. जुलैत शिवणीच्या बुडाशी लवदार पानांचा कोंब दिसला. आता दोघेही माझ्या खांद्याएवढे आहेत, वीतभर अंतरावर. कुणाला काढायचं हे गेली तीन वर्षं ठरत नाहीये.